पडद्यावरचा रंग आणि कागदावरचा रंग

संगणकाच्या पडद्यावर प्रसन्न दिसणारे छायाचित्र कागदावर उतरले की काळवंडते, पिवळट पडते किंवा निस्तेज होते, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. ही तक्रार आता शहरातील व्यावसायिक छायाचित्रकारांपुरती राहिलेली नाही. ग्रामपंचायतीने केलेल्या कामांच्या नोंदी, शाळांचे वार्षिक अंक, पिकांवरील रोगांची छायाचित्रे, जीर्ण दस्तऐवजांच्या प्रती आणि घराघरांतून लावल्या जाणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या तसबिरी, या सर्वांचा प्रवास आज पडद्यावरून कागदाकडे होतो. पडदा मिटला की त्यावरचे चित्र दिसेनासे होते. कागद मात्र फाईलमध्ये आणि भिंतीवर वर्षानुवर्षे राहतो. पुढे पुरावा म्हणून पाहिला जातो तो बहुधा कागदच. त्या कागदावरील रंग मुळाशी प्रामाणिक असणे यास्तव महत्त्वाचे आहे.

हा दोष यंत्राचा की माणसाचा, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. वस्तुतः तो बहुतेक वेळा कोणाचाच नसतो. पडदा आणि कागद ही दोन वेगळी माध्यमे आहेत आणि त्यांच्यामध्ये समान माप ठरलेले नसते, हे त्याचे खरे कारण होय. धान्य मोजताना विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची पायली वेगळी असेल, तर दोघेही प्रामाणिक असून हिशेब जुळणार नाही. रंगांचेही तसेच आहे.

हैदराबादचा धडा

या विषयाचा विचार करताना हैदराबाद शहराची आठवण होणे स्वाभाविक आहे. मराठवाड्याचे जिल्हे 1956 पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होते आणि त्या काळातील अनेक वास्तूंची व चित्रांची नोंद याच शहरातून झाली. मूळ वस्तूची हुबेहूब प्रत कशी काढावी, या प्रश्नाशी या शहराचा संबंध दीडशे वर्षांइतका जुना आहे.

राजा दीनदयाळ हे एकोणिसाव्या शतकातील नामवंत भारतीय छायाचित्रकार. त्यांचा जन्म 1844 साली मेरठजवळील सरधना येथे झाला. रुरकी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण घेऊन त्यांनी इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केली आणि तेथेच छायाचित्रणाकडे त्यांचे लक्ष वळले. पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने ते हैदराबादेस आले. सिकंदराबाद येथे त्यांचा स्टुडिओ होता. निजामांनी त्यांना ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला. 1905 साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्टुडिओतील 2,857 काचेच्या निगेटिव्ह 1989 साली नवी दिल्ली येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने संपादन केल्या.

त्या काळी प्रचलित असलेल्या छपाईच्या रीतीत आजच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. अंड्यातील पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला आणि चांदीच्या क्षारांनी प्रकाशग्राही केलेला कागद काचेच्या निगेटिव्हला चिकटवून लाकडी चौकटीत बसवीत आणि ती चौकट उन्हात ठेवीत. चौकटीची मागची फळी दोन भागांत उघडत असे. एक भाग उघडून कारागीर प्रत कितपत उमटली हे पाही. दुसरा भाग बंद असल्यामुळे कागद जागचा हलत नसे. प्रत हवी तितकी उमटली म्हणून तो थांबत नसे, तर ती हव्यापेक्षा जास्त गडद होऊ देत असे. पुढे सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात रंग देताना आणि ती टिकाऊ करताना प्रत फिकी पडणार, हे त्यास अनुभवाने ठाऊक होते. म्हणजे डोळ्यासमोर जे दिसत आहे ते अंतिम नाही, मधल्या प्रक्रियेत त्याचे काय होणार हे आधी जाणून त्याप्रमाणे बदल करावा, हे सूत्र तेव्हाही पाळले जात होते.

अजिंठ्याची साक्ष

कृष्णधवल छायाचित्रात केवळ गडदपणाचा प्रश्न होता. रंगांचा प्रश्न अधिक बिकट ठरला, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठ्याच्या लेण्यांत सापडते. ही लेणी 1819 साली इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडली. 1844 पासून मेजर रॉबर्ट गिल यांनी तेथील चित्रांच्या तैलरंगातील प्रती करण्याचे काम सुरू केले. त्यांपैकी बहुतेक प्रती 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा प्रती केल्या. त्यांतीलही अनेक प्रती 1885 साली लंडनमध्येच आगीत सापडल्या. ज्या प्रती उरल्या, त्यांच्यात चित्रकाराचा हात आणि त्याची दृष्टी मिसळलेली होतीच.

हैदराबाद संस्थानाचे पुरातत्त्व खाते 1914 साली स्थापन झाले. त्याचे संचालक गुलाम यझदानी यांनी अजिंठ्याच्या चित्रांची छायाचित्रणावर आधारलेली रंगीत व एकरंगी प्रतिकृती असलेला ग्रंथ चार भागांत सिद्ध केला. त्याचा पहिला भाग 1930 साली आणि शेवटचा 1955 साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. हाताने काढलेल्या प्रतीऐवजी छायाचित्राचा आधार घेण्यामागील हेतू स्पष्ट होता. चित्रकाराच्या आवडीनिवडीपेक्षा मोजता येईल अशा साधनावर विसंबावे, हा तो हेतू होय.

तथापि येथे आणखी एक अडचण होती. 1920 नंतरच्या काळात इटलीहून बोलाविलेल्या तज्ज्ञांनी भिंतींवरील चित्रे टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचे वार्निश दिले. कालांतराने ते वार्निश पिवळट पडले आणि त्याखालचे रंग वेगळे दिसू लागले. अशा वेळी मूळ रंग कोणता समजावयाचा? वार्निशाखालचा, वार्निशासह दिसणारा, की चित्रकाराने प्रथम लावला तो? छपाई कितीही उत्तम असली, तरी कशाशी जुळवावयाचे हे ठरलेले नसेल तर जुळणी अर्थशून्य ठरते. हैदराबादच्या पब्लिक गार्डन्समधील राज्य पुरातत्त्व संग्रहालयात अजिंठ्याच्या चित्रांच्या हस्तनिर्मित प्रतींचे दालन आहे. लेणी आणि हे दालन, दोन्ही पाहणाऱ्या शिक्षकांना व विद्यार्थ्यांना हा भेद प्रत्यक्ष अभ्यासता येईल.

मूळ प्रकाश आणि परतलेला प्रकाश

आता पडदा आणि कागद यांच्यातील भेद शास्त्रदृष्ट्या पाहू. संगणकाचा पडदा स्वतः प्रकाश देतो. त्यावर तांबड्या, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचे अतिसूक्ष्म ठिपके असतात. तिन्ही पूर्ण तेजाने उजळले की पांढरा दिसतो, तिन्ही विझले की काळा. तांबडा आणि हिरवा एकत्र आले की डोळ्यास पिवळा भासतो. येथे रंग प्रकाशाच्या बेरजेने तयार होतो.

कागदास स्वतःचा प्रकाश नसतो. खिडकीतून किंवा दिव्यातून आलेला प्रकाश तो परत पाठवितो. त्यावरील शाई त्या प्रकाशातील काही भाग शोषून घेते. आकाशी शाई तांबडा प्रकाश शोषते, किरमिजी शाई हिरवा शोषते आणि पिवळी शाई निळा शोषते. येथे रंग वजाबाकीने तयार होतो. तिन्ही शाया एकमेकींवर पडल्या तरी प्रत्यक्षात निर्भेळ काळा न मिळता मळकट तपकिरी रंग मिळतो, म्हणून काळी शाई वेगळी वापरतात.

एकाकडे बेरीज आणि दुसऱ्याकडे वजाबाकी असल्यामुळे दोघांच्या रंगांची मर्यादाही सारखी नसते. पडद्यावरील झगझगीत हिरवा, गडद निळा किंवा दिव्यासारखा केशरी शाईने साधत नाही. उलट आकाशी आणि पिवळ्या रंगांच्या काही छटा शाई देऊ शकते. त्या साध्या पडद्यावर दिसत नाहीत. तंतोतंत जुळणी ही अपेक्षा म्हणूनच सोडून द्यावी लागते. फरक किती राहणार हे आधी कळावे आणि तो कमीत कमी व्हावा, एवढेच साध्य समोर ठेवणे योग्य होय.

प्रत काळी का येते?

प्रत गडद येते, ही सर्वांत मोठी तक्रार आहे. तिचे कारण पुष्कळदा छपाईत नसून पडद्याच्या तेजात असते. दुकानात पडदे आकर्षक दिसावेत म्हणून ते कारखान्यातूनच फार उजळ करून पाठविले जातात. अशा पडद्यावर बसून काम करणारा मनुष्य चित्र डोळ्यांना सुखावेल इतके गडद करतो. कागदास तेवढा प्रकाश मिळत नाही आणि प्रत काळवंडलेली वाटते.

पडद्याचे तेज कँडेला प्रति चौरस मीटर या मापाने मोजतात. छायाचित्रांच्या छपाईसाठी ते 80 ते 120 या दरम्यान ठेवण्याची प्रथा आहे. नव्या पडद्यांचे तेज 250 किंवा त्याहूनही अधिक असू शकते. वाचनासाठी चांगला प्रकाश असलेल्या खोलीत पांढऱ्या कागदाचे तेज साधारणपणे 80 ते 140 च्या आसपास भरते. पडदा आणि कागद एकाच पातळीवर आणण्यामागील तर्क हाच आहे.

मोजण्याचे उपकरण जवळ नसल्यास एक सोपी रीत वापरता येते. पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे. ज्या दिव्याखाली छापील प्रत पाहावयाची, त्याच दिव्याखाली पडद्याशेजारी कोरा पांढरा कागद धरावा. दोन्हींचा उजळपणा सारखा वाटेपर्यंत पडद्याचे तेज कमी करीत जावे. भ्रमणध्वनी किंवा लॅपटॉपवर काम करीत असल्यास तेज आपोआप कमीजास्त करणारी सोय तसेच रात्री पडदा पिवळसर करणारी सोय आधी बंद करावी. या सोयी चालू असताना सकाळी पाहिलेला रंग सायंकाळी तसाच दिसण्याची खात्री देता येत नाही.

उजळपणाबरोबर पांढऱ्याच्या छटेकडेही लक्ष द्यावे. पडद्याचा पांढरा सामान्यतः 6,500 केल्व्हिन या दिवसाच्या प्रकाशाच्या मापावर ठेवतात. छापील प्रती तपासण्यासाठी 5,000 केल्व्हिनचा प्रकाश आंतरराष्ट्रीय मानकात सांगितला आहे. घरगुती पिवळ्या दिव्याचे माप 2,700 च्या आसपास असते. त्या दिव्याखाली पांढरा कागदही पिवळसर असतो. परंतु डोळा त्या प्रकाशाला सरावतो आणि त्यास पांढराच म्हणतो. शेजारी पडदा ठेवताच फरक उघड होतो. काही शायांचे रंग एका दिव्याखाली जुळतात, तर दुसऱ्याखाली जुळत नाहीत. साडीचा रंग दुकानाबाहेर उजेडात नेऊन पाहण्याची गृहिणींची सवय या दृष्टीने पूर्णतः शास्त्रशुद्ध आहे.

आकड्यांना अर्थ देणारे माप

संगणक रंग ओळखत नाही, तो आकडे ओळखतो. प्रत्येक ठिपक्यासाठी तांबडा, हिरवा आणि निळा या प्रत्येकाचा 0 ते 255 पर्यंत एक आकडा असतो. परंतु ‘तांबडा 200’ म्हणजे नेमका कोणता तांबडा, हे त्या आकड्यावरून कळत नाही. शंभर हे केवळ संख्यावाचक आहे. शंभर ग्रॅम की शंभर तोळे, हे सांगितल्याशिवाय व्यवहार होत नाही. रंगांच्या आकड्यांनाही असेच एकक लागते.

असे एक एकक 1996 साली ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी सुचविले. त्यास ‘एसआरजीबी’ असे नाव आहे. संगणक, भ्रमणध्वनी आणि छायाचित्रांच्या बहुतेक प्रयोगशाळा हे माप गृहीत धरतात. 1998 साली अडोबी कंपनीने ‘अडोबी आरजीबी’ हे अधिक विस्तृत माप आणले. विस्तृत मापात साठविलेले चित्र साध्या मापाने वाचले गेले की रंग फिके आणि मरगळलेले दिसतात. दुकानात छपाईस द्यावयाचे चित्र एसआरजीबी मापात साठवून देणे यास्तव हितावह असते.

निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांची भाषा समजू शकावीत म्हणून 1993 साली ‘इंटरनॅशनल कलर कन्सोर्टियम’ ही संघटना स्थापन झाली. प्रत्येक यंत्राचा रंगस्वभाव एका छोट्या फाईलमध्ये लिहून ठेवण्याची पद्धत तिने रूढ केली. या फाईलला ‘प्रोफाइल’ म्हणतात. पडद्यावर एक लहान मापक टेकवून निरनिराळे रंग मोजले की त्या पडद्याचे प्रोफाइल तयार होते. ठरावीक छपाई यंत्र, ठरावीक शाई आणि ठरावीक कागद यांच्या जोडीचेही स्वतंत्र प्रोफाइल असते. कागद बदलला की ते बदलते. कागद बनविणाऱ्या अनेक कंपन्या आपल्या कागदांची प्रोफाइल ग्राहकांस विनामूल्य देतात.

दोन्ही प्रोफाइल उपलब्ध असली म्हणजे चित्र कागदावर कसे उतरेल याचा अंदाज पडद्यावरच घेता येतो. यास ‘सॉफ्ट प्रूफ’ म्हणतात. तो पाहताना चित्र थोडे निस्तेज झालेले दिसते आणि नवख्यास ते आवडत नाही. परंतु कागदाची मर्यादा छपाईपूर्वी दाखवून देणे, हेच त्याचे काम आहे. उन्हातील चौकट उघडून पाहणाऱ्या कारागिराची दूरदृष्टी येथे आकड्यांत उतरलेली आहे.

एक चूक वारंवार घडते. रंगांचे रूपांतर चित्र हाताळणारी संगणकप्रणालीही करते आणि छपाई यंत्राची प्रणालीही करते. एकच रूपांतर दोनदा झाल्यामुळे प्रतीवर विचित्र छटा चढते. दोहोंपैकी एकाकडेच हे काम सोपवावे आणि दुसऱ्याची सोय बंद ठेवावी.

कागद, शाई आणि धीर

छपाई यंत्रास कागदाचा प्रकार नेमका सांगणे आवश्यक असते. चकचकीत कागद घालून साध्या कागदाची निवड केली, तर शाईचे प्रमाण चुकते. चकचकीत कागदावर काळा रंग खोल दिसतो. खरखरीत किंवा मंद पृष्ठभागाच्या कागदावर तोच काळा राखाडीकडे झुकतो. काही कागद अधिक शुभ्र दिसावेत म्हणून त्यांत चमक देणारी द्रव्ये मिसळलेली असतात. दिवसाच्या प्रकाशात ते निळसर भासतात. यंत्र बरेच दिवस बंद असेल, तर शाईची सूक्ष्म छिद्रे बुजतात आणि एखादा रंग उमटतच नाही. मोठी छपाई करण्यापूर्वी छिद्रांची चाचणी घेणे म्हणूनच इष्ट होय.

ताजी प्रत हातात घेऊन लगेच निर्णय करू नये. शाई वाळताना रंग काहीसे बदलतात. प्रत निदान काही तास, शक्य असल्यास एक दिवस वाळू द्यावी. मोठ्या आकाराची प्रत काढण्यापूर्वी चित्रातील चेहरा, आकाश आणि सावली येतील असा लहान पट्टा त्याच कागदावर छापून पाहिल्यास कागद, शाई आणि पैसा तिन्ही वाचतात.

उपग्रहाच्या चित्रातील लाल रंग

रंग चुकल्यामुळे केवळ सौंदर्य बिघडत नाही, अर्थही बिघडू शकतो. याचे उदाहरण पुन्हा हैदराबादेतच मिळते. देशाच्या दूरसंवेदनाचे मुख्य केंद्र या शहरातील बालानगर भागात आहे. 1974 साली स्थापन झालेली राष्ट्रीय दूरसंवेदन संस्था 2008 साली भारतीय अंतराळ संशोधन संस्थेत विलीन होऊन ‘राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र’ या नावाने काम करू लागली. शहराजवळील शादनगर येथे उपग्रहांकडून येणारी माहिती ग्रहण केली जाते. 17 मार्च 1988 रोजी आयआरएस-1ए हा भारताचा दूरसंवेदन उपग्रह अवकाशात गेल्यापासून शेती, वने, पाणी आणि पडीक जमीन यांच्या पाहणीस मोठा आधार मिळाला.

उपग्रहाच्या चित्रात निरोगी वनस्पती अनेकदा हिरवी न दिसता लाल दिसते. वनस्पती डोळ्यास न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणावर परत पाठवितात. तो दाखविण्यासाठी तांबडा रंग, मूळच्या तांबड्यासाठी हिरवा आणि मूळच्या हिरव्यासाठी निळा रंग योजतात. अशा चित्रास आभासी रंगचित्र म्हणतात. त्यात दाट वनराई गडद लाल, विरळ वनस्पती फिकट लाल किंवा गुलाबी, स्वच्छ खोल पाणी काळसर निळे अशा छटा येतात. समजा, अशा चित्राची प्रत छापताना लाल रंग फिका पडला, तर दाट वन विरळ वाटेल. तो गडद झाला, तर विरळ झाडी भरगच्च दिसेल. येथे ‘नैसर्गिक रंग’ हा निकष उपयोगी पडत नाही, कारण चित्रातील रंग मुळातच संकेताचे आहेत.

या अडचणीवर नकाशाकारांची जुनी रीत उपयोगी पडते. कोणता रंग कशाचा, हे दर्शविणारी सूची नकाशाच्या त्याच कागदावर, त्याच शाईने, त्याच वेळी छापली जाते. छपाईत रंग सरकला, तर सूचीतील रंगही तेवढाच सरकतो आणि वाचणाऱ्याची फसगत टळते. सूची वेगळ्या कागदावर, वेगळ्या यंत्रावर छापली तर हा लाभ मिळत नाही. रंगाबरोबर त्याचे मापही पाठवावे, हे या सर्व विषयाचे सार होय.

शेतात आणि शाळेत

हेच तत्त्व गावपातळीवर कोणत्याही खर्चाविना अमलात आणता येते. सोयाबीनच्या पानांवर पिवळेपणा आला म्हणजे तो पिवळ्या मोझॅक रोगाचा की लोहाच्या कमतरतेचा, हा प्रश्न पडतो. मोझॅकमध्ये पानावर पिवळे-हिरवे चट्टे अनियमित पसरतात. लोहाच्या कमतरतेत कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. कपाशीवरील लाल्याच्या बाबतीत तर पानाचा रंग हीच पहिली खूण असते. शेतकऱ्याने भ्रमणध्वनीवर घेतलेले चित्र सायंकाळच्या पिवळ्या उन्हात काढलेले असेल आणि छापताना त्यावर आणखी पिवळी छटा चढली, तर निरोगी पानही रोगट दिसेल. चुकीच्या निदानातून चुकीची फवारणी होते आणि तिचा खर्च शेतकऱ्याच्या माथी बसतो.

याकरिता पानाचे छायाचित्र घेताना त्याच्या शेजारी कोरा पांढरा कागद ठेवावा आणि तो चित्रात येईल असे पाहावे. चित्र उघड्या सावलीत, फ्लॅश न वापरता घ्यावे. शक्य असल्यास त्याच झाडाजातीचे निरोगी पानही शेजारी ठेवावे. पुढे पडद्यावर किंवा प्रतीवर तो कागद पिवळा दिसला, तर पानाच्या पिवळेपणातील तेवढा भाग खरा नाही, हे कृषी अधिकाऱ्यास तत्काळ ओळखता येते. असे असले तरी अंतिम निदान प्रत्यक्ष पान पाहूनच करणे श्रेयस्कर.

शाळांतून विज्ञानाच्या तासाला हा प्रयोग सहज करून दाखविता येईल. एकच वस्तू पांढऱ्या कागदासह सकाळी, दुपारी आणि दिव्याखाली टिपावी. तिन्ही प्रती शेजारी लावून विद्यार्थ्यांना फरक शोधण्यास सांगावे. भिंग असल्यास पडद्यावरील तांबडे, हिरवे, निळे ठिपके आणि छापील कागदावरील शाईचे ठिपके यांची तुलना करावी. बेरीज आणि वजाबाकी यांतील भेद त्यातून चटकन ध्यानी येतो.

कार्यालयांनी जुन्या दस्तऐवजांची व नकाशांची छायाचित्रे घेतानाही कडेला पांढरी व राखाडी पट्टी ठेवण्याची शिस्त लावून घ्यावी. मूळ कागद उद्या जीर्ण होऊन पिवळा पडला, तरी नोंद घेतली त्या दिवशी तो कसा होता, याची साक्ष ती पट्टी देईल.

छपाईस जाण्यापूर्वी

सर्वसामान्य वाचकांच्या सोयीसाठी आवश्यक त्या गोष्टी क्रमवार पुढीलप्रमाणे सांगता येतील.

1. मूळ फाईल जपून ठेवावी. संदेशांतून पाठविलेले चित्र बहुधा आकसून येते. चित्र पाठवावयाचे असल्यास ते दस्तऐवज म्हणून पाठवावे. 4 बाय 6 इंचांच्या उत्तम प्रतीसाठी इंचास 300 ठिपके या हिशेबाने 1,200 बाय 1,800 ठिपके असावे लागतात.

2. पडद्याचे तेज कोऱ्या कागदाशी जुळवून घ्यावे. पडद्यावर खिडकीचे ऊन किंवा दिव्याची झळक पडू देऊ नये.

3. चित्र एसआरजीबी मापात साठवून द्यावे. दुकानात रंग आपोआप सुधारणारी सोय असल्यास आणि चित्र आधीच सुधारलेले असल्यास ती बंद ठेवण्यास सांगावे.

4. घरी छपाई करावयाची असल्यास कागदाचा नेमका प्रकार निवडावा, त्या कागदाचे प्रोफाइल वापरावे आणि रंगांचे रूपांतर एकाच प्रणालीकडे सोपवावे.

5. प्रथम एकच लहान प्रत काढावी. ती वाळू द्यावी आणि जेथे लावावयाची तेथील प्रकाशात पाहावी.

6. फरक आढळल्यास एका वेळी एकच गोष्ट बदलावी. कोणता कागद, कोणती शाई, किती तेज आणि काय बदल केला, याची वहीत नोंद ठेवावी. पुढच्या वेळी हीच नोंद मार्गदर्शक ठरते.

7. वस्त्र, पान, जुना फोटो अशी मूळ वस्तू उपलब्ध असल्यास ती सोबत न्यावी. रंगाच्या बाबतीत मनुष्याची स्मरणशक्ती फारशी विश्वसनीय नसते.

शेवटची सूचना घरातील तसबिरींच्या बाबतीत विशेष ध्यानात घ्यावी. दिवंगत व्यक्तीचा जुना फोटो मोठा करताना चेहरा अधिक उजळ, अधिक गोरा करून देण्याची रीत पुष्कळ ठिकाणी दिसते. ती प्रत प्रथमदर्शनी आकर्षक वाटते. परंतु काही वर्षांनी नातवंडांना त्यात आपल्या आजोबांचा खरा वर्ण सापडत नाही. उन्हात राबलेल्या माणसाचा सावळा रंग हा दोष नव्हे. तो त्याच्या आयुष्याची नोंद आहे. तीत फेरफार करणे म्हणजे दस्तऐवजात खाडाखोड करणेच होय.

सिकंदराबादच्या स्टुडिओच्या काळात साधने वेगळी होती. आज ती पूर्णपणे बदलली आहेत. प्रत काढणाऱ्याची जबाबदारी मात्र तीच आहे. कशाशी जुळवावयाचे ते आधी ठरवावे, मधल्या प्रत्येक टप्प्यावर काय घटते व काय वाढते ते मोजावे आणि मापाची खूण चित्राबरोबरच ठेवावी. एवढी दक्षता ग्रामपंचायत, शाळा, कार्यालय आणि घर यांनी घेतली, तर आज काढलेली प्रत पुढील पिढीच्या हाती विश्वसनीय पुरावा म्हणून जाईल.